पाणीपाळी कुणाची?

इथे अमिरातीत, अल ऐनच्या ओअ‍ॅसिसमध्ये शिरलं की दोन्ही अंगांना मातीच्या भिंती, वर खजुराची सावली आणि पायाशी अरुंद पाट. हा फलज. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणायची, तिथून जमिनीखाली हलक्या उताराचा बोगदा काढायचा आणि मोट-पंपाशिवाय पाणी बागेत आणायचं. ही विद्या इथे सुमारे 3000 वर्षं जुनी. 2011 मध्ये अल ऐनच्या स्थळांना युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, 2020 मध्ये फलज राखण्याच्या आणि पाणी वाटण्याच्या कसबाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत.

पर्यटक पाटाचा फोटो काढतो आणि पुढे जातो. खरी गंमत पाटाच्या तोंडाशी आहे. दगड-मातीने बुजवलेलं भोक पाळी आली की उघडायचं, संपली की बुजवायचं. कधी उघडायचं ते ‘अरीफ’ सांगणार. दिवसा काठीच्या सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून तो वेळ मोजत असे. वाटा वेळेचा असल्यामुळे झरा आटला की सगळ्यांच्याच वाट्याचं पाणी उणं होई. म्हणून बोगद्यातला गाळ काढणं हे कुणा एकाचं काम नव्हतं.

धुळे-नाशिककडच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पांझरा, मोसमच्या काठी फड पद्धतीत हेच चाले: बंधारा, पाट, पाणी सोडणारा पाटकरी, राखणीला जागल्या आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी कमी पडलं तर कुणाचा तरी मळा वाळवायचा नाही, भिजवायचं क्षेत्रच कमी करायचं.

मग पंप आले. तिकडे आले, इकडेही आले. ज्याचा पंप त्याचं पाणी, असा नवा कायदा कुणी न लिहिताच लागू झाला. अल ऐनच्या आसपास भूजल खाली गेलं, फलज कोरडे पडले आणि आज कितीतरी ठिकाणी त्या जुन्या पाटांत विहिरींतून उपसलेलं पाणी सोडावं लागतं. वर अनुदानावर वाढणारं ऱ्होड्स गवत! वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात जनावरांच्या चाऱ्यासाठी जमिनीच्या पोटातलं पाणी उपसलं गेलं. अबू धाबीने पुढे ते अनुदान आवरलं, 2016 च्या कायद्याने भूजल सरकारच्या मालकीचं ठरवलं. वाद्यांवर, म्हणजे इथल्या कोरड्या नाल्यांवर, बांध घालून पूर जिरवण्याचं, म्हणजे आपल्या पाझर तलावाचंच, काम इथे पूर्वीपासून चालू आहे. 16 एप्रिल 2024 ला अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे एका दिवसात 254 मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा हे बांध किती महत्त्वाचे, ते सगळ्यांना कळलं.

आपल्याकडे मृद्‌संधारणाच्या प्रत्येक योजनेत ‘लोकसहभाग’ हा शब्द असतो. चर खणायला, बांध घालायला माणसं येतातही. फोटोत तर येतातच. पण वाटा? तो प्रश्न विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विचारला. पुण्यातले कारखानदार, इंजिनिअर माणूस. त्यांच्या पाणी पंचायतीचे नियम आजही वाचताना दचकायला होतं: पाणी जमिनीवर नाही, माणशी मिळणार. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही. आणि ऊस नाही. साखरेच्या महाराष्ट्रात हे म्हणायला छाती लागते.

हिवरे बाजारने हीच वाट आपल्या पद्धतीने धरली. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर डोंगरावर समतल चर खणले गेले. चर खणलेली गावं राज्यात ढिगाने आहेत. हिवरे बाजार वेगळं ठरलं ते शेतीसाठी बोअर घेण्यावरच्या बंदीने आणि पाऊस मोजून ग्रामसभेत पिकं ठरवण्याने. नाहीतर शेततळ्याला प्लॅस्टिक अंथरायचं, ते बोअरच्या पाण्याने भरायचं आणि उन्हात वाफ होऊ द्यायची, यालाही आपल्याकडे जलसंधारण म्हणतात.

आता इथला प्रश्न. अमिरातीतल्या मळ्याचा मालक स्थानिक असतो. पण ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवणारा, मातीवर पांढरी खार चढली की सगळ्यात आधी बघणारा माणूस बांगलादेशचा, पाकिस्तानचा, आपल्या देशाचा असतो. क्षारयुक्त शेतीचं संशोधन करणारी आयसीबीए ही संस्था 1999 पासून दुबईत आहे. खाऱ्या पाण्यावर क्विनोआ, सॅलिकॉर्निया कसे येतात हे तिने दाखवलं. हे ज्ञान मालकाच्या दिवाणखान्यात अडकलं तर मळ्यात काही बदलायचं नाही. पाणी वाचलं काय, वाया गेलं काय, मजुराच्या पगारात दिरहमाचा फरक पडत नाही. त्याला शेतकरी म्हणायचं की नाही? साळुंखे यांच्या हिशेबाने त्याचं डोकं मोजावंच लागेल. आमचं म्हणणं एवढंच: विहिरीवर मीटर असेल, तर वाचलेल्या पाण्याचा थोडा मोबदला व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याच्या हातात पडू द्या.

गावी दिवाळीबरोबर रब्बीची लगबग, इथे भाजीपाल्याचा हंगाम. यंदाच्या अंकाचा विषय ‘पाणी’ त्यासाठीच. लेखांत दोन्हीकडची माणसं भेटतील; काही आमच्याशी कडाडून भांडलीही आहेत, ते तसंच छापलंय. वाचा, पटलं नाही तर लिहा. दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!