‘खुजा’ ही शिवी आपल्या तोंडी आली कुठून?

जयंतीच्या सभेत मी बोलताना एक वाक्य टाकलं, "बाबासाहेबांच्या उंचीपुढे आजचे हे सगळे नेते खुजे आहेत." टाळ्या पडल्या. असं वाक्य आपल्या प्रत्येक सभेत कुणीतरी टाकतोच आणि त्यावर टाळ्याही पडतातच.

सभा संपल्यावर खुर्च्या आवरताना मंडळातला एक जुना कार्यकर्ता जवळ आला. त्याची उंची चार फुटांच्या आत आहे. पत्रकं वाटणं, वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देणं, कुणावर अन्याय झाला की पोलीस ठाण्यात जाऊन बसणं, ही कामं तो कित्येक वर्षं करतोय. म्हणाला, "भाऊ, भाषण चांगलं झालं. फक्त एक सांग, तो नेता विकला गेला हे सांगायला तुला माझी उंची कशाला लागली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मित्रांनो, हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितोय. प्रश्न एकट्या माझ्या भाषणाचा नाही, तो आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या भाषेचा आहे.

मराठीत कमी उंचीच्या माणसासाठी शब्दांची कमी नाही. बुटका, ठेंगू, खुजा, गिड्डा, बुटबैंगण. हे सगळे शब्द हसण्यासाठी नाहीतर हिणवण्यासाठी वापरले जातात. आणि दोन शब्द वेगळ्या पंक्तीला बसतात, वामन आणि बटू. वामन म्हणजे अवतार. बटू म्हणजे मुंज लागलेला ब्राह्मणाचा मुलगा. एखादा विद्वान कमी उंचीचा असला की त्याच्या गौरवात ‘वामनमूर्ती’ असं लिहिलं जातं. तीच उंची बाजारातल्या हमालाची असली की तो ‘ए बुटक्या’ होतो. शरीर तेच, माप तेच. शब्द मात्र समोरच्या माणसाचा सामाजिक दर्जा बघून निवडला जातो. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण आपण कौतुकाने वापरतो. तिच्यातला ‘पण’ जरा नीट ऐका. लहान मूर्तीकडून कीर्तीची अपेक्षाच नव्हती, असं तो ‘पण’ सांगतो. "महार असून किती स्वच्छ राहतात!" या कौतुकातला ‘असून’ आणि हा ‘पण’ एकाच घरातले आहेत.

नाव ठेवण्याचा अधिकार कुणाकडे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नियमच घातलाय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धन दाखवणारं आणि शूद्राचं निंदा दाखवणारं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावाला गावाने लावलेला तो ‘या’ आठवा. महादूचा महाद्या, रामाचा राम्या. बुटकाचा ‘बुटक्या’ करताना तोच ‘या’ लागतो. हाक मारतानाच समोरच्याला खाली बसवायची ही जुनी युक्ती आहे.

आता ‘खुजा’ या शब्दाकडे येतो, कारण तो आपल्या चळवळीचा आवडता शब्द आहे. संस्कृतातला ‘कुब्ज’, पालीत ‘खुज्ज’, मराठीत ‘खुजा’. मूळ अर्थ पाठीला कुबड असलेला. पुढे तो कमी उंचीच्या माणसाला लागला आणि आता कोत्या मनाच्या माणसाला लागतो. खुजे विचार, खुजं नेतृत्व, खुजी मनोवृत्ती. शरीराची एक ठेवण होती, तिचा नैतिक दोष झाला. जातीनेही नेमकं हेच केलं ना? जन्माने मिळालेली गोष्ट घेतली आणि तिच्यावर चारित्र्याचा शिक्का मारला.

पण हाच शब्द धम्माच्या इतिहासात एका बाईच्या नावात मानाने बसलाय. खुज्जुत्तरा. कोसंबीच्या सामावती राणीची दासी. पाठीला कुबड असल्याने ती खुज्जा उत्तरा. ती तथागतांचा उपदेश ऐकून यायची आणि राणीला व महालातल्या बायकांना शिकवायची. बहुश्रुत उपासिकांमध्ये तथागतांनी तिला अग्रस्थान दिलं. इतिवुत्तक हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आला, अशी परंपरा आहे. एक दासी, तीही कुबड असलेली, राणीची शिक्षिका होते. आपल्या भाषणात मात्र तिच्या नावातला शब्द शिवी म्हणून येतो.

दुसरं नाव लकुण्टक भद्दिय. पालीत लकुण्टक म्हणजेच ठेंगणा. हे थेर अर्हत होते आणि मधुर आवाज असलेल्या भिक्खूंमध्ये अग्र मानले गेले. त्यांना येताना पाहून काही भिक्खूंच्या मनात तुच्छता आली, तेव्हा तथागतांनी त्या भिक्खूंना थांबवलं आणि हा भिक्खू किती थोर आहे ते सांगितलं. धम्मपदाच्या अट्ठकथेत आणखी एक प्रसंग आहे. तीस भिक्खू दर्शनाला आले. तथागतांनी विचारलं, इथून बाहेर जाताना थेर दिसले का? ते म्हणाले, थेर नाही दिसले, एक लहान सामणेर दिसला. तथागत म्हणाले, तेच थेर. केस पिकले म्हणून कुणी थेर होत नाही, ज्याच्यात सत्य आणि संयम आहे तो थेर. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी संघातही हाच रोग होता आणि त्यावर उपचारही तिथेच झाला.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. विनयपिटकातल्या महावग्गात कुणाला प्रव्रज्या देऊ नये याची यादी आहे आणि त्या यादीत ‘खुज्ज’ आणि ‘वामन’ हे दोन्ही शब्द आहेत. ते लपवून आपण कुणाचं भलं करणार नाही. ग्रंथात आहे म्हणून मान्य, ही सवय बाबासाहेबांनी आपल्याला लावलेली नाही. एकीकडे ही यादी, दुसरीकडे अर्हत लकुण्टक भद्दिय. यातलं काय घेऊन पुढे जायचं, हे आपल्याला ठरवता आलं पाहिजे.

मग वामन. बळीराजाची कथा आपल्याला वेगळी सांगायला नको. तीन पावलं जमीन मागून वामनाने बळीला पाताळात घातलं. क्रांतिबा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त या अवतारकथेची चिरफाड केली आणि बळीराजा बहुजनांचा केला. आजही दिवाळीच्या पाडव्याला आपल्या माय-माउल्या ओवाळताना बळीचं राज्य येवो म्हणतात. पण फुल्यांचा घाव कशावर होता? कपटावर, लुटीवर, त्या लुटीला धर्म म्हणण्यावर. आपण मात्र समाजमाध्यमांवर बळी-वामनाची जी चित्रं फिरवतो त्यात कपट दिसत नाही, दिसतो एक विद्रूप काढलेला बुटका माणूस. खाली प्रतिक्रियांमध्ये त्याच्या उंचीवर विनोद. फुल्यांची चिकित्सा आपण व्यंगावर आणून ठेवली. आणि मित्रांनो, आपल्या वस्त्यावस्त्यांत जलसे घेऊन फिरलेल्या, आपल्या आयांना पाठ असलेली गाणी देणाऱ्या लोकशाहिराचं नाव काय होतं? वामनदादा कर्डक. वामन हा शब्द आपल्याकडे असाही आहे.

गंमत बघा, माणूस सोडून इतर कशालाही हा शब्द लागला की त्यातला अपमान गळून पडतो. १९६० च्या दशकात मेक्सिकोतून गव्हाची बुटकी वाणं आली. १९६६ साली भारताने अठरा हजार टन बियाणं आणलं. आपला उंच देशी गहू खत-पाणी जास्त झालं की आडवा व्हायचा, हा ठेंगणा गहू ओंबीचा भार पेलून उभा राहायचा. हरितक्रांतीचे तोटेही झाले, तो वेगळा विषय. पण शेतकरी ‘बुटकी जात’ अभिमानाने विचारून घेतो. आकाशातही तसंच. आयुष्य संपत आलेल्या ताऱ्याच्या गाभ्याला श्वेतबटू म्हणतात. त्याच्या वस्तुमानाची मर्यादा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी शोधली आणि १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं. प्लुटो २००६ मध्ये बटुग्रह ठरला. गव्हाची उंची म्हणजे नुसती उंची, ताऱ्याचा आकार म्हणजे नुसता आकार. माणसाचीच उंची लायकी का ठरते?

आणखी एक घोळ हा शब्द करतो. सरकारी कागदांत कुपोषणामुळे वाढ खुंटलेल्या मुलांसाठीही ‘बुटकेपणा’, ‘खुजेपणा’ हेच शब्द येतात. या दोन गोष्टी एक नाहीत. अकॉन्ड्रोप्लेसियासारख्या स्थितीत जनुकातल्या बदलामुळे हाडांची वाढ वेगळी होते, आणि अशी बहुतेक मुलं सर्वसाधारण उंचीच्या आई-बापांच्याच पोटी जन्मतात. त्यात कुणाचं पाप नाही, कुणाचा दोष नाही. कुपोषणाने खुंटलेली वाढ हा मात्र गुन्हा आहे, आणि तो मुलाचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी आहेत, महाराष्ट्रात ३५.२ टक्के. अनुसूचित जाती आणि जमातींमध्ये हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. म्हणजे उंची वाटण्याचं कामही जात करते. ज्या समाजाच्या लेकरांची वाढ भुकेने मारली, त्या समाजाच्या कार्यकर्त्याने ‘खुजा’ ही शिवी द्यावी? ती फिरून कुणाच्या अंगणात पडते, याचा विचार आपण करतो का?

कायद्याकडेही बघा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व नोंदवलंय. त्यात प्रौढ व्यक्तीची उंची चार फूट दहा इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी राहणं हेही आहे. त्याच कायद्याचं कलम ९२ सांगतं की सार्वजनिक ठिकाणी अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड. ही भाषा ओळखीची वाटते ना? अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्येही अशीच भाषा आणि इतकीच शिक्षा आहे. अपमान हा गुन्हा आहे, हे या देशाच्या कायद्यात आणायला आपल्या माणसांनी रक्त आटवलं. त्याच वाटेने दुसरे पीडित पुढे आले, तर ते आपले सोबती आहेत.

आणि ‘मेरिट’? भावनगरचे गणेश बारैया यांची उंची सुमारे तीन फूट. २०१८ मध्ये नीट उत्तीर्ण होऊनही मेडिकल कौन्सिलने त्यांना वैद्यकीय प्रवेश नाकारला. उच्च न्यायालयातही निराशा आली. सर्वोच्च न्यायालयाने बाजूने निकाल दिला तेव्हा प्रवेश मिळाला, आज ते डॉक्टर आहेत. परीक्षा पास झालास तरी तू आमच्यातला दिसत नाहीस, हे वाक्य आपल्या किती पोरांनी वेगळ्या शब्दांत ऐकलंय! २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये नवदीप सिंगने कमी उंचीच्या खेळाडूंच्या एफ ४१ गटात ४७.३२ मीटर भाला फेकून सुवर्ण मिळवलं. पण सुवर्ण आणलं तरच मान द्यायचा, हाही पुन्हा तोच ‘पण’ झाला. पदक नसलेल्या माणसालाही मान हवा.

काही जण म्हणतील, मग ‘दिव्यांग’ म्हणा, विषय संपला. नाही संपत. वरून दिलेल्या गोड नावाचं काय होतं ते आपण भोगलंय. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत काँग्रेस सरकारने विधेयकात ‘हरिजन’ शब्द घातला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. देवाची लेकरं म्हणायचं आणि पाणवठा बंद ठेवायचा, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. अंगात दिव्यता आहे म्हणायचं आणि बँकेचा काउंटर, एसटीची पायरी, एटीएमचा पडदा हाताला लागेल असा करायचा नाही, हा व्यवहारही तसाच आहे. काय म्हणायचं ते त्या माणसाला विचारा. बहुतेक वेळा उत्तर सोपं असतं. त्याला नाव आहे, त्या नावाने हाक मारा.

"शब्दांनी काय होतं, मुद्द्याचं बोला," असाही सूर निघेल. हा प्रश्न आपल्याला शोभत नाही. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तेव्हा आपण स्वागत केलं. पाटीवरच्या शब्दाचं ओझं आपल्याला कळतं. मग दुसऱ्याच्या पाठीवरचं ओझं का कळू नये?

नेत्यांवर टीका जरूर करा, जोरात करा. जो विकला गेला त्याला विकाऊ म्हणा. जो घाबरला त्याला भित्रा म्हणा, ज्याने समाज वाऱ्यावर सोडला त्याला गद्दार म्हणा. हे शब्द त्याच्या कृतीवर बोट ठेवतात. ‘खुजा’ म्हटल्याने तो नेता सुटतो आणि खुर्च्या आवरणारा आपला कार्यकर्ता जखमी होतो.

मी पुढच्या सभेत ते वाक्य बोलणार नाही, हे त्याला सांगितलंय. तो हसून म्हणाला, "ते ठीक आहे. पण पुढच्या वेळी माईकचा स्टँड खाली घे, मलाही बोलायचंय." आमच्या मंडळात इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

जय भीम!