जामखेडचा धडा आणि आशाताईंचे मानधन

ग्रामीण आरोग्यसेवेचा विषय निघाला की आपली दृष्टी प्रथम इमारतीकडे, खाटांकडे आणि डॉक्टरांच्या रिक्त पदांकडे वळते. या बाबी महत्त्वाच्या आहेतच. परंतु आपल्याच राज्यातील एका तालुक्याच्या गावाचा इतिहास याहून अधिक काही सांगतो.

हे गाव म्हणजे अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेड. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेथे आले. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी रुग्णसेवा आरंभिली. मात्र अतिसार, कुपोषण व बालमृत्यू यांची मुळे दवाखान्याबाहेर, अशुद्ध पाण्यात, दारिद्र्यात आणि जातिभेदात आहेत, हे त्यांनी ओळखले. परिचारिका खेड्यांत रुळेनात, तेव्हा गावांनीच आपल्यातील स्त्रिया निवडून दिल्या. त्यांतील अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडला येऊन शिकत आणि ते ज्ञान घरोघर पोहोचवीत. या कार्याची दखल जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या ग्रंथात घेतली. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने याच धर्तीवर 'आशा' योजना आणली. साधारण १,००० लोकवस्तीमागे त्याच गावची एक स्त्री, असे तिचे स्वरूप. कोरोनाकाळात आशाताई दारोदार फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. तरीही ऑक्टोबर २०२३ व जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील हजारो आशांना संप करावा लागला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मानधनात ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली.

जामखेडच्या स्त्रियाही पगारदार नव्हत्या, असा युक्तिवाद कोणी करील. परंतु त्यांचे काम गावाने सोपविलेले होते आणि त्या गावालाच उत्तरदायी होत्या. आशाताईंना कामे शासन नेमून देते, नोंदवह्या व सर्वेक्षणे शासन मागते. मोबदल्याची वेळ आली की मात्र त्या 'स्वयंसेविका' ठरतात. शासनाने जामखेडकडून काटकसर उचलली. त्या स्त्रियांना मिळालेले सातत्याचे शिक्षण व सन्मान मात्र मागे राहिला, असे आम्हांस वाटते.

सेवाभाव ही थोर गोष्ट होय. परंतु दुसऱ्याच्या सेवाभावावर आपली जबाबदारी ढकलणे हा अन्याय होय. आपल्या गावच्या आशाताईंना आपण नावाने ओळखतो का? त्यांचे मानधन वेळेवर मिळते का, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत आपण विचारावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.