सोफासेट आत, माणूस बाहेर

‘घर लहान आहे हो, दारात वेगळी जागा कुठून काढणार?’ हे वाक्य मी बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत इतक्यांदा ऐकले आहे की आता ते कानावर पडले की मला त्या घरातला सोफासेट मोजावासा वाटतो. आणि मंडळी, मी तो मोजतोही!

हिशेब सोपा आहे. तिघांचा सोफा साडेसहा फूट लांब आणि पावणेतीन फूट खोल, म्हणजे अठरा चौरस फूट. त्याच्या जोडीच्या दोन खुर्च्या मिळून सोळा-सतरा. मधले काचेचे टेबल सात. झाले चाळीसच्या वर! दहा बाय बाराच्या खोलीचे एकूण क्षेत्रफळ एकशेवीस चौरस फूट. एक तृतीयांश खोली सोफ्याने खाल्ली आणि बसणार किती माणसे? पाच. त्यात शोकेस, टीव्हीचे कपाट आणि दारामागे चपलांचा ढीग. मग घरातली म्हातारी बसते कुठे? बाहेर, पायरीवर, उन्हात. सोफा आत आणि माणूस बाहेर!

दारात थांबायला, टेकायला, चपला काढायला जी जागा लागते ती तीन बाय चार फुटांची. बारा चौरस फूट. बारा फूट नाहीत म्हणणाऱ्या घरात चाळीस फुटांचे फर्निचर आहे. तेव्हा जागा नाही हे कारण खोटे आहे, आणि ते आपण स्वतःलाच सांगत आलो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी गोव्याचा. आमच्याकडे अंगण, तुळस, मग वसरी आणि मग घर. वसरीवरच्या सोप्यावर बसून निम्मे व्यवहार उरकतात, आतल्या माणसाला उठावेही लागत नाही. गाणगापूरला जाणारे आम्ही गोंयकार अफझलपूर तालुक्यात भीमा-अमरजेच्या संगमावर न्हातो, निर्गुण पादुकांचे दर्शन घेतो आणि परत फिरतो. पलीकडचा मुलूख बघत नाही. तो बघावा. बिदर उभे आहे ते जांभ्या दगडाच्या पठारावर! आपल्या चिऱ्याचाच तो सोयरा. समुद्रापासून एवढ्या लांब तो तांबडा, भोकाभोकांचा दगड बघून गोव्याच्या माणसाला गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. नाते दगडापुरतेही नाही. 1472 साली ज्या महमूद गवानने गोवा जिंकून बहामनी राज्याला जोडला, त्याचाच मदरसा बिदरला त्याच सुमारास उभा राहिला.

तर या मुलखात घरात शिरण्याची एक रीत होती. वाड्याचा दरवाजा ओलांडला की एकदम घर लागत नसे. आधी ढाळज. मध्ये जायची वाट, दोन्ही अंगांना कमरेएवढे जोते, वर छप्पर. तिथे घोंगडे किंवा सतरंजी टाकलेली. आला-गेला आधी तिथे टेकणार. मग चौक, मग सोपा, मग माजघर. मराठी माणूस त्या जागेला ढाळज म्हणे, दखनी बोलणारा देवडी म्हणे. कट्टा तर मराठीत कट्टा आणि कन्नडात कट्टे, म्हणजे एकच. सीमेवरच्या लोकांच्या भाषा वेगळ्या असतील, पण पाहुण्याला आधी बसवायचे आणि मग विचारायचे, हा शिरस्ता सगळ्यांचा सारखा होता.

आणि ही केवळ वाड्यांची श्रीमंती होती असे समजू नका. दोन खणांच्या घरालाही दारापुढे हातभर ओटा असे, त्यावर शहाबादी फरशी. हे शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी चाळींचे जिने आणि मोऱ्या या दगडाने झाकल्या. आज त्याच शहाबाद-वाडीच्या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत. म्हणजे ज्या चुनखडीच्या दगडाने एकेकाळी ओटा दिला, त्याच दगडाचे पीठ होऊन आज बिनओट्याच्या पेट्या उभ्या राहत आहेत. दोष दगडाचा नाही, आराखड्याचा आहे.

‘पण ते जुने वाडे पडले ना? माणसे मेली ना?’ हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण तो इथल्या लोकांच्या अंगावरून गेलेला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे माळवदाखाली गाडली गेली आणि बिदर-गुलबर्ग्याच्या सीमेवरच्या गावांतही भिंती हलल्या. मातीत रचलेले गोटे आणि डोक्यावर फूट-दोन फूट मातीचे छत, हे घर मृत्यूचा सापळा होते. ते परत बांधा असे म्हणणारा माणूस वेडा तरी असेल किंवा शहरात राहणारा तरी. पण लोकांनी भीतीने माळवद सोडताना ढाळजही सोडली, हे मात्र चुकले. जीव घेतला तो दगडमातीच्या ओझ्याने. ढाळज ओझ्यात नसते, रचनेत असते. ती पत्र्याखाली होते, काँक्रीटच्या स्लॅबखाली होते, नुसत्या मांडवाखालीही होते.

भूकंपानंतर महाराष्ट्राने नवी गावे वसवली. जमिनीच्या मालकीप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे दिली, सरळ रेषेत, रुंद रस्त्यांच्या कडेने. घर पक्के मिळाले, हे मोठे काम झाले. पण ज्यांनी ती गावे पाहिली आहेत त्यांना विचारा, राहायला गेल्यावर लोकांनी काय केले? दारापुढे पत्रा टाकला, कुंपणाची भिंत घातली, आडोसा केला. आराखड्यात जे नव्हते ते स्वतःच्या पैशाने जोडून घेतले. याचा अर्थ इंजिनियरांनी समजून घ्यायला हवा होता. अजूनही घेतलेला दिसत नाही. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर धरले आहे, स्वयंपाकाच्या जागेसकट. म्हणजे 269 चौरस फूट. त्यातून बारा फूट दाराला दिले तर शेकडा पाचही जात नाहीत. पण मी पाहिलेल्या बहुतेक घरकुलांत दार उघडले की नजर थेट चुलीवर नाही तर पलंगावर!

आता उन्हाळ्याचे बघा. कलबुर्गीला एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. दार थेट रस्त्यावर उघडणारी खोली म्हणजे भट्टीचे तोंड. मध्ये एक सावलीचा टप्पा असला की झळ तिथे अडते, धूळ तिथे झडते, चपला तिथे राहतात. बिदरच्या किल्ल्यात शिरताना एकामागून एक दरवाजे लागतात आणि वाट वळते. तिथे शत्रूला अडवायचे होते. आपल्या घरात ऊन, धूळ आणि रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर अडवायची असते. त्यासाठी किल्ला लागत नाही, एक वळण लागते.

आता ज्या मुद्द्यावर ढाळजेचे गोडवे गाणारे गप्प बसतात, तो मी बोलतो. ही ढाळज सगळ्यांची नव्हती. गावातल्या दलिताला ढाळजेतही जागा नव्हती. तो पायरीखाली, उन्हात उभा. तिथे बसणार ते बाप्ये. घरातल्या बाईला तिथे टेकायची सोय नव्हती. कोण कुठवर येणार हे उंबऱ्याउंबऱ्याला ठरलेले होते. म्हणून कोणी म्हणाले की गेली ढाळज ते बरेच झाले, तर मला त्याचा राग येत नाही. पण मी त्याला एक विचारतो. ढाळज गेली, तशी ती रीत गेली का? आज पाहुण्यांची प्रतवारी सोफ्यावर होते. तलाठी आला तर सोफा, शेतावरचा गडी आला तर दारातच उभा. पूर्वी पायरीखाली उभा होता, आता पायपुसण्यावर उभा आहे! जागा नाहीशी करून विषमता नाहीशी होत नाही. जागा सगळ्यांना खुली करून होते.

आणि हे सांगायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. बिदर जिल्ह्यातच बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या अनुभव मंटपात चांभार, परीट, नावाडी आणि ब्राह्मण एकत्र बसले, असे शरण परंपरा सांगते. बंड होते ते बसण्याच्या जागेचे! 2021 च्या जानेवारीत तिथे नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी झाली. भव्य मंटप होवो, आनंद आहे. पण ज्याच्या दारात दोन माणसांना सारख्या उंचीवर टेकायला फळी नाही, त्याने त्या मंटपाला कशासाठी नमस्कार करायचा?

गाणगापूरचेच उदाहरण घ्या. दत्तगुरू दुपारी भिक्षेला येतात या श्रद्धेने तिथे माधुकरी मागतात आणि वाढतात. कोणाच्या रूपात देव येईल सांगता येत नाही, म्हणून दारी आलेल्या कोणालाही परत पाठवायचे नाही. ही श्रद्धा तुम्ही माना अथवा न माना, तिने घराच्या दाराला किती मोठा अर्थ दिला आहे ते पाहा. आणि तिथून प्रसाद घेऊन घरी परतलेला भक्त काय करतो? लोखंडी ग्रिल लावतो, कुलूप घालतो आणि आतूनच विचारतो, ‘कोण पाहिजे?’

हा सोफासेट घरात येतो कुठून, तेही बोलू. पुष्कळ घरांत तो विकत घेतलेला नसतो. लग्नात येतो. कपाट, पलंग, गादी आणि सोफा. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे. तेव्हा याला हुंडा म्हणायचे नाही, ‘संसाराचे सामान’ म्हणायचे! मुलीचा बाप कर्ज काढतो, टेम्पो गावभर मिरवत येतो, आणि मग ते धूड कुठे ठेवायचे याची चर्चा सुरू होते. प्लॅस्टिकचे वेष्टनही पुष्कळजण काढत नाहीत, मळेल म्हणून. ज्या वस्तूवर बसायची भीती वाटते, तिला बसायची वस्तू का म्हणायचे? तो सोफा बसण्यासाठी नसतोच. तो दाखवण्यासाठी असतो, आणि दिसावा म्हणूनच दारातला आडोसा नको असतो. या बाबतीत मला कुठलीही तडजोड मान्य नाही. आपल्या दिवाणखान्याची शोभा दुसऱ्याच्या शेतावरच्या बोज्यातून येत असेल, तर तो दिवाणखाना नको.

मग करायचे काय? फार काही नाही. घर बांधत असाल तर मिस्त्रीला सांगा, दार भिंतीच्या मधोमध नको, कोपऱ्याकडे घे. म्हणजे तीन भिंती सलग मिळतील. दारापुढे जोत्याची पायरी थोडी रुंद कर, त्यावर दोन फुटी शहाबादी फरशी टाक, वर पत्र्याची का होईना सावली कर. घर आधीच बांधले असेल तर आतून वळण घाला. दारापासून तीन-साडेतीन फुटांवर कपाट आडवे उभे करा. पाठ दाराकडे, तोंड खोलीकडे. त्या पाठीवर चार खुंट्या ठोका, खाली बुटके बाकडे, बाकड्याखाली चपला, कोपऱ्यात पाण्याचा माठ. झाली ढाळज! फक्त कपाट भिंतीला पट्टीने जखडा. भूकंपाच्या मुलखात मोकळे कपाट उभे ठेवू नये.

आणि सोफ्याच्या जागी सहा बाय अडीचचा दिवाण भिंतीला लावा. पंधरा चौरस फुटांत दिवसा तिघे बसतात, रात्री एकजण झोपतो, खाली धान्याची कोठी किंवा ट्रंक मावते. समोर सतरंजी. चार घडीच्या खुर्च्या भिंतीला टांगा, लागतील तेव्हा काढा. खोलीचा मधला भाग मोकळा राहू द्या. तिथे मुले अभ्यास करतील, डाळ निवडता येईल, पाहुणे जेवतील, कोणी आजारी असेल तर अंथरूण पडेल. लहान घरातली मोकळी जमीन हे सर्वांत मोठे फर्निचर आहे, आणि ते फुकट आहे.

1956 साली हैदराबाद राज्य मोडले, बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले, भालकी, हुमनाबाद, औराद तिकडे राहिले. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तो निकाल लागायचा तेव्हा लागेल, आणि तो आपल्या हातात नाही. पण नकाशावरच्या सीमेसाठी आवेशाने बोलणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, एक सीमा तुमच्या घराच्या दारात आहे. तिथे कोण थांबेल, कोण बसेल, कोण आत येईल, हे कुठलेही न्यायालय ठरवत नाही, तुम्ही ठरवता. सोफा विका. येईल त्या पैशात फरशी, बाकडे आणि माठ येतो, वर काही उरतेही. आणि त्या बाकड्यावर पहिल्यांदा त्याला बसवा, जो आजवर तुमच्या दारात उभाच राहिला आहे.