विक्री संपते, जबाबदारी संपत नाही

२०२१ च्या जून महिन्याच्या अखेरीस वेस्टर्न डिजिटल या अमेरिकन कंपनीची ‘माय बुक लाइव्ह’ ही साठवण-पेटी वापरणाऱ्या जगभरच्या अनेक ग्राहकांच्या ध्यानात आले की, आपली पेटी चालू आहे, पण ती आतून रिकामी झाली आहे. वर्षानुवर्षांची छायाचित्रे, हिशेब, कागदपत्रे, सारे पुसले गेले होते. चोर घरात आला नव्हता. दूरवरून कोणीतरी एक आज्ञा पाठवली आणि यंत्राने ती निमूटपणे पाळली.

घरातील वा कचेरीतील सर्व संगणकांना एकत्र वापरता यावी अशी, राउटरला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी म्हणजे ही यंत्रे. व्यवहारात त्यांना ‘नॅस’ म्हणतात. वरून ती साधी पेटी दिसली, तरी आत एक लहानसा संगणकच असतो आणि त्याच्या प्रणालीत चुका असतात. या पेटीतील चूक एप्रिल २०११ मधील होती. ओळख तपासण्याची व्यवस्था नव्याने एका ठिकाणी आणताना, सर्व काही पुसून यंत्र मूळ स्थितीत नेणाऱ्या आज्ञेसाठी पासवर्ड मागण्याचे राहूनच गेले. दहा वर्षे ते कोणी पाहिले नाही.

पाहणार तरी कोण? २०१० मध्ये बाजारात आलेल्या या पेट्यांसाठी कंपनीने शेवटची सुधारणा २०१५ मध्ये दिली. याच यंत्रांत बाहेरून हव्या त्या आज्ञा चालवता येतात, असा आणखी एक दोष २०१८ मध्ये संशोधकांनी उघड केला होता. उत्पादनाचा आधारकाळ संपला असल्याने तो दुरुस्त झाला नाही. सर्वनाश झाल्यावर मात्र कंपनीने ‘पेटी इंटरनेटपासून तोडा’ असा सल्ला दिला आणि पुसलेली माहिती परत मिळवून देण्याची मोफत सेवा देऊ केली. ही सेवा देता आली, तर वेळीच दुरुस्ती का देता आली नाही, हा प्रश्न उरतोच.

हे एकाच कंपनीचे पाप नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंकच्या जुन्या नॅस यंत्रांमध्ये कारखान्यातच घातलेले, पासवर्ड नसलेले एक खाते असल्याचे उघडकीस आले. त्याच्या आधारे बाहेरचा माणूस यंत्राकडून हवे ते करून घेऊ शकत होता. दोष जाहीर करणाऱ्या संशोधकाच्या गणनेनुसार अशी ९२,००० हून अधिक यंत्रे इंटरनेटवर उघडी होती. कंपनीचे उत्तर होते की, या यंत्रांचे आयुष्य संपले आहे, ती बदला. थोड्याच दिवसांत हल्लेखोरांनी त्या यंत्रांवर धाड घातली. हानी केवळ मालकाची होत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. असे ताब्यात घेतलेले यंत्र मालकाच्या नकळत इतरांवरील हल्ल्यांसाठी राबवले जाते. म्हणून हा खाजगी निष्काळजीपणाचा प्रश्न नसून सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

उत्पादक म्हणतात की, प्रत्येक जुन्या यंत्राची कायम देखभाल परवडणारी नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु मग कोणाचे आयुष्य संपले, हे कोण ठरवणार? पेटीचे चक्र फिरत असते, डिस्क शाबूत असते. संपलेला असतो तो कंपनीचा रस. तरीही यंत्राच्या आतील प्रणालीवरचा हक्क ती सोडत नाही. हक्क ठेवायचा आणि कर्तव्य टाकायचे, हा व्यवहार न्याय्य नाही.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यान्वये अशा वस्तूंना सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा देणे बंधनकारक होईल. त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून आधार किती काळ मिळेल हे उत्पादकाला सांगावेच लागते. भारतात २०२२ च्या ई-कचरा नियमांनी निकामी यंत्राच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. विक्रीनंतरही उत्पादकाचे दायित्व उरते, हे तत्त्व आपण पत्रा आणि तांबे यांच्यापुरते मान्य केले. यंत्राच्या आतील प्रणालीला ते लागू करण्यास हरकत कोणती?

म्हणून तीन गोष्टी कायद्याने घडल्या पाहिजेत. आधार संपण्याची तारीख खोक्यावर किमतीशेजारी छापली जावी. त्या तारखेनंतरही गंभीर दोष आढळल्यास ग्राहकाला तसे कळवण्याचे बंधन असावे. आणि ज्या उत्पादनाकडे कंपनी पाठ फिरवते, त्याची प्रणाली खुली करावी, म्हणजे जाणकारांना ती दुरुस्त करता येईल.

तोवर शाळा, पतसंस्था, छोटी दुकाने आणि घरे यांनी आपल्या पेटीला सुधारणा मिळतात का, हे तपासावे. मिळत नसतील तर ती इंटरनेटपासून तोडावी आणि महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. ही सावधगिरी आवश्यकच आहे. परंतु ग्राहकाने सावध राहावे, एवढ्यावर उत्पादकाची सुटका होऊ देणे म्हणजे कुलूप बनवणाऱ्याला मोकळे सोडून घरमालकाला जागत बसवणे होय.