विकतानाच सांगा, दुरुस्त होते का!

बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आपल्या एका वाचक कारागिराचे पत्र आले आहे. गिऱ्हाइकाने ऑनलाइन घेतलेला ई-रीडर बॅगेत दबला, पॅनेलची काच आतून तडकली आणि अर्धे पान जागच्या जागी गोठले. कंपनीचे उत्तर असे : वॉरंटीत बसत नाही, सुटे पॅनेल देत नाही, नवे यंत्र घ्या. बाजारातून आणलेले पॅनेल त्याच नावाच्या, पण आधीच्या पिढीच्या यंत्राचे निघाले, रिबन बसेना. दुसरे बसवले तर अक्षरे धुरकट, कारण पॅनेलवर छापलेला व्हीकॉमचा (त्या पॅनेलला लागणाऱ्या व्होल्टेजचा) आकडा बोर्डात भरण्याची सोय कंपनीने बाहेरच्यांसाठी ठेवलेलीच नाही. कारागिराची मजुरी बुडाली, वर गिऱ्हाईकही तुटले. खरेदीच्या पानावर ३०० पीपीआय, १६ जीबी असे सगळे तपशील होते. बॅटरी किंवा पॅनेल बदलता येते का, याबद्दल चकार शब्द नव्हता.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२मध्ये समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल उघडले. पुढे विभागानेच नेमलेल्या भरत खेरा समितीने मे २०२५मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा, म्हणजे यंत्र किती सहज दुरुस्त होते याच्या गुणांचा, अहवाल दिला. निकष सहा : यंत्र किती पायऱ्यांत खोलता येते, दुरुस्तीची माहिती, सुटे भाग वेळेत मिळणे, सॉफ्टवेअर अपडेट, अवजारे आणि स्क्रू वगैरे जोड. गुण दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दिसावेत, ही शिफारस आम्हाला मनापासून मान्य आहे.

पण यात सुट्या भागाच्या किमतीचा स्वतंत्र निकष कुठे आहे? फ्रान्सने १ जानेवारी २०२१पासून दहापैकी गुण छापायला लावले, त्यात किमतीचा निकष वेगळा ठेवला. पॅनेल यंत्राच्याच भावात मिळणार असेल, तर ते मिळून उपयोग काय? शिवाय गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे! ज्याने पडद्याभोवतीची चौकट (बेझल) चिकटवून बंद केली, तोच ‘सहज उघडते’ म्हणणार, आणि ते तपासणार कोण? विभागातल्या अधिकाऱ्यांनी एकदा एस. पी. रोडच्या बाकावर बसून हीट गन हातात धरावी. जरा जास्त उष्णता लागली की पॅनेल गेले, हे तिथे दोन मिनिटांत कळेल.

सहज उघडणारी यंत्रे आणि सुटे भाग देणे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. कोबो कंपनीने २०२४मध्ये दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटशी हात मिळवून आपल्या नव्या ई-रीडरांसाठी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग देण्याची सोय केली. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७पासून छोट्या यंत्रांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी ठेवणे बंधनकारक होणार आहे. तिकडे जमते ते इथेही जमवता येईल.

आता आपल्या कारागिरांविषयी. आपल्यातले कित्येक जण ‘होत नाही’ म्हणून यंत्र परत देतात आणि जॉबकार्डही लिहीत नाहीत. कागदच नसेल तर दिल्लीपुढे ठेवायचे काय? मॉडेल, पिढी, बिघाड, कोणता भाग मागितला, काय उत्तर मिळाले, हे प्रत्येक वेळी लिहा आणि प्रत आमच्याकडे पाठवा. गिऱ्हाइकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवायला लावा. ई-कॉमर्स नियम, २०२०नुसार विक्री-मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते, हेही त्याला सांगा. आणि कोणी ‘कुठला ई-रीडर घेऊ?’ असे विचारले, तर ज्याचे सुटे भाग मिळतात त्याचेच नाव घ्या. कंपन्यांना विक्रीची भाषा लगेच समजते.