गोळ्या नकोत, मुताऱ्या हव्यात

वैनगंगेच्या काठचा भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. अशा जिल्ह्यातही ज्या शाळेत दाराला कडी आणि आत पाणी असलेली मुतारी नाही, त्या शाळेतील मुलगी घरून निघतानाच पाणी पिण्याचे टाळते आणि घरी परतेपर्यंत लघवी रोखून धरते. हा तिच्या स्वभावाचा दोष नव्हे. ती तिच्यावर लादलेली शिस्त आहे.

विद्यार्थ्यांमधील मूत्रमार्गाच्या लक्षणरहित जंतुसंसर्गाचा विचार या वास्तवापासून सुरू झाला पाहिजे. मूत्राच्या एका मिलिलिटरमध्ये एक लाख वा अधिक जंतू आढळतात, पण जळजळ नाही, ताप नाही, अशी ही अवस्था. शाळकरी मुलींत ती शंभरात एक-दोघींना, तरुण स्त्रियांत एक ते पाच जणींना आढळते; मुलग्यांत फारच विरळा. स्त्रीचा मूत्रमार्ग आखूड असतो, हे त्याचे शारीरिक कारण.

हे आकडे ऐकून शाळाशाळांत शिबिरे भरवून गोळ्या वाटण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरला पाहिजे. लक्षणे नसलेल्या निरोगी मुलीला प्रतिजैविके देऊन लाभ होत नाही, हा वैद्यकशास्त्राचा निर्वाळा आहे. उलट, अकारण दिलेल्या औषधाने जंतू निर्ढावतात आणि खऱ्या आजारात तेच औषध निकामी ठरते. अपवाद गर्भवतीचा. तिच्या बाबतीत हा मूक संसर्ग मूत्रपिंडाच्या दाहापर्यंत जाऊ शकतो. म्हणून तिची तपासणी आणि उपचार दोन्ही झालेच पाहिजेत.

मग शाळेतील मुलींसाठी करावयाचे काय? अपुरे पाणी आणि रोखलेली लघवी यांमुळे जळजळीचा, तापाचा, वारंवार उलटणारा संसर्ग बळावतो. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांना तर भरपूर पाणी पिणे हा उपचाराचाच भाग असतो. अशा मुलीला शाळेत तहान मारावी लागणे हा तिच्या प्रकृतीवरील उघड अन्याय आहे.

कायद्याची उणीव नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे शुद्ध पाणी अनिवार्य केले. 2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. 2014 च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून वर्षभरात काम पुरे करण्याची घोषणा झाली. आणि 2020 मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने काय दाखवले? केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी शाळांत बांधलेल्या ज्या स्वच्छतागृहांची पाहणी झाली, त्यांपैकी 72 टक्क्यांत वाहते पाणीच नव्हते. भिंती उभ्या राहिल्या, छायाचित्रे निघाली, हिशेब पुरा झाला. मुलींची तहान मात्र तशीच राहिली.

डॉ. राममनोहर लोहियांनी ग्रामीण स्त्रीच्या शौचालयाचा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आणला, तेव्हा अनेक प्रतिष्ठितांनी नाके मुरडली होती. भंडारा मतदारसंघाने 1954 च्या पोटनिवडणुकीत अशोक मेहतांना लोकसभेत पाठवले होते. त्या परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनी तुमसरपासून लाखांदूरपर्यंत प्रत्येक शाळेत जावे. मुली किती, मुताऱ्या किती, त्यांत पाणी आहे का, दाराला कडी आहे का, कुलूप कोणी लावले, सफाईचा खर्च कोण देतो, हे लिहून काढावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. त्या मातांना बोलते करावे आणि ही नोंद घेऊन त्यांच्यासह जिल्हा परिषदेच्या दारात उभे राहावे.

ज्या संसर्गाला लक्षणे नाहीत, तो प्रयोगशाळेत सापडतो. व्यवस्थेच्या रोगाची लक्षणे मात्र शाळेच्या आवारात उघड्या डोळ्यांनी दिसतात. ती पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही.