घरातला समुद्र आणि महिन्याचा हिशेब

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी ठेवण्यास महिन्याला किती खर्च येतो, हा प्रश्न समाजवादी साप्ताहिकात यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. ज्या नगर जिल्ह्यात उन्हाळा लागला की गावेच्या गावे टँकरची वाट पाहत बसतात, जेथे २०१९ साली पाथर्डी, कर्जत, जामखेडकडील शेतकऱ्यांना जनावरे घेऊन चारा छावण्यांत मुक्काम करावा लागला, तेथे काचेच्या टाकीतील रंगीत माशांची चर्चा म्हणजे थट्टा, असेही कोणी म्हणेल. परंतु एखाद्या चैनीचा हिशेब नीट मांडला तर समाजाच्या अर्थव्यवहाराचे जे स्वरूप मोठमोठ्या अहवालांतून झाकले जाते, ते उघडे पडते. तेव्हा आधी हिशेब मांडू, निषेध करावयाचा की नाही ते मागाहून ठरवू.

समुद्रापासून जवळजवळ दोनशे किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, सावेडीसारख्या वस्तीत कोणी दोनशे लिटरची टाकी ठेवली असे समजा. गोड्या पाण्यातील माशांना नळाचे पाणी थोडे मुरवून चालते. येथे समुद्रच तयार करावा लागतो. पाणी खेळते ठेवणाऱ्या पंपांना मिळून ५० वॉट, तेही चोवीस तास. दिव्यांना ८० वॉट, रोज आठ तास. आणि नगरचा उन्हाळा चाळिशीला टेकत असता पाणी २५-२६ अंशांवर राखणाऱ्या चिलरला २५० वॉट, रोज दहा तास. महिन्याचे अनुक्रमे ३६, १९ आणि ७५, म्हणजे एकूण १३० युनिट होतात. घरगुती विजेचा पहिला टप्पा १०० युनिटांचा असतो. ही टाकी बहुतेक घरांना त्यापुढच्या महाग टप्प्यात ढकलते. युनिटामागे १२ रुपये धरले तरी विजेचेच १५६० रुपये झाले. दरमहा पाचवा हिस्सा, म्हणजे ४० लिटर पाणी बदलावयाचे, तर लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे १ किलो ४०० ग्रॅम मीठ लागते. हे मीठ स्वयंपाकघरातले नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम आदी क्षार मिसळलेले, बहुधा परदेशी बनावटीचे. किलोला अडीचशे रुपये धरून त्याचे ३५० होतात. खाद्य, पाणी तपासण्याची रसायने आणि गाळणीचे साहित्य यांचे हजार धरा. ही बेरीज झाली २९१० रुपये. परंतु कोणताही हिशेबनीस घसारा सोडणार नाही. टाकी, यंत्रे आणि मासे यांत लाखभर रुपये घातले व ते पाच वर्षे पुरले, तर महिन्याचे १६६७ आणखी. एकंदर खर्च ४५७७ रुपये. दिवसाला दीडशेहून अधिक.

शेजारी दुसरा एक आकडा ठेवू. संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान राज्य सरकारने २०२३ साली १००० वरून १५०० रुपये केले. म्हणजे निराधार विधवेने महिनाभर ज्या रकमेत जगावे असे शासनाने ठरविले, ती रक्कम या टाकीच्या वीजबिलालाही पुरत नाही. हा विषमतेचा आलेख काढण्यास कोणत्याही आयोगाची गरज नाही.

तथापि येथेच आपल्या कार्यकर्त्यांनी सावध राहावयास हवे. ‘दुष्काळी जिल्ह्यात पाण्याची अशी नासाडी!’ ही घोषणा टाळ्या मिळवील, पण हिशेबाला टिकणार नाही. बदलावयाचे ४० लिटर आणि बाष्पीभवनाची रोजची दोन लिटर तूट धरून महिन्याला १०० लिटर शुद्ध पाणी लागते. आरओ यंत्र एका लिटरमागे तीन लिटर सोडून देते असे मानले, तर एकूण ४०० लिटर झाले. जलजीवन मिशनच्या माणशी दररोज ५५ लिटर या मापाने हे एका माणसाचे सात दिवसांचे पाणी आहे. ते नगण्य नाही, परंतु दुष्काळ त्याने पडत नाही. पाटाने भिजविलेल्या एक एकर उसाला ८० लाख लिटरच्या आसपास पाणी लागते. तेवढ्यात ही टाकी सोळाशेहून अधिक वर्षे चालेल. ज्यांना उसाच्या पाण्याविषयी बोलण्याचे धैर्य होत नाही, त्यांनी माशांच्या पाण्याविषयी नैतिक संताप व्यक्त करू नये.

दुसऱ्या बाजूस ‘ज्याचा पैसा, त्याची हौस’ असे म्हणणारे उभे आहेत. त्यांना विचारावयास हवे, की सगळा खर्च खरोखरच हौशी माणसाने दिला आहे काय? पुष्कळ नगरपालिकांत पाणीपट्टी वर्षाची ठोक असते, मीटर नसतो. तेव्हा आरओ यंत्राने गटारात सोडलेले पाणी मालकाच्या वहीत शून्य किंमतीने नोंदले जाते. मासा कोठून आला, हेही वहीत नसते. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बव्हंशी तळ्यांत वाढविलेले असतात. समुद्री मासे मात्र अजूनही बहुतांशी निसर्गातून पकडून आणले जातात. फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या प्रवाळखडकांवर सायनाइड फवारून मासे गुंगविण्याची रीत अनेक दशके चालली. तीत मासे मेले, प्रवाळ मेले, आणि त्यांवर जगणाऱ्या कोळ्यांची उपजीविका खालावली. आपल्याकडे २००१ साली प्रवाळ व समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालावे लागले. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की खाजगी उद्योगाच्या खर्चाचा मोठा भाग समाजाच्या माथी मारला जातो. दिवाणखान्यातील ही टाकी त्या सिद्धान्ताचे छोटेसे प्रात्यक्षिकच होय.

मग ही हौस बंद करावी काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. सौंदर्य ही श्रीमंतांची गरज आणि भाकरी ही गरिबांची, ही विभागणी समाजवादाने मान्य करता कामा नये. पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला विदूषक मासा पाहण्याचा तितकाच हक्क आहे. प्रश्न तिला तो कसा पाहता येईल, हा आहे. आणि त्याचे उत्तर याच हिशेबात दडलेले आहे. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्यास उरत नाही. मासा एकाने पाहिला म्हणून दुसऱ्यास कमी दिसत नाही. घरातील टाकी चौघांनी पाहिली तर दरडोई खर्च महिन्याला अकराशेहून अधिक पडतो. तीच टाकी पाचशे मुलांच्या शाळेत ठेवली, घरात जे श्रम फुकट धरले जातात त्यांसाठी अर्धवेळ कामगार नेमून त्याला महिन्याला ८००० रुपये दिले, तरी दरडोई खर्च २५ रुपयांवर येतो. ज्या वस्तूचा उपभोग वाटल्याने घटत नाही ती कुलूपबंद ठेवणे, हीच खरी उधळपट्टी.

हे आपल्या राज्याला एके काळी कळत होते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. एका दात्याची देणगी आणि सरकारी पैसा यांतून उभ्या राहिलेल्या या वास्तूत शाळांच्या सहलींतून आलेल्या देशावरच्या कितीतरी मुलांनी समुद्रातील जीव प्रथम पाहिले. २०१५ साली मोठा खर्च करून त्याचे नूतनीकरण झाले. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत ते बंद पडले. पुढे इमारत मोडकळीस आल्याचे कारण निघाले, आणि वर्षांमागून वर्षे गेली तरी दारे बंदच राहिली. सार्वजनिक समुद्र आटला, खाजगी समुद्राची बाजारपेठ मात्र चालूच राहिली. गॅलब्रेथने १९५८ साली अमेरिकेविषयी लिहिताना खाजगी सुबत्ता आणि सार्वजनिक हलाखी यांच्या ज्या विसंगतीवर बोट ठेवले, तिचे दर्शन घेण्यासाठी आता परदेशी जावयास नको.

याचे मूळ कारण आवर्ती खर्चाविषयी शासनाची अनास्था हे आहे. इमारत भांडवली खर्चातून होते. तिची फीत कापता येते, कोनशिलेवर नाव कोरता येते. दरमहाच्या मिठाची, विजेची आणि कामगाराच्या पगाराची फीत कोण कापणार? घरातील मालक पंप एक रात्र बंद राहिला तर झोपत नाही, कारण सकाळी मासे मेलेले दिसतात. सार्वजनिक संस्था मात्र अशा रीतीने सावकाश मरते, की मारणाराचे नाव कोणत्याच कागदावर येत नाही. नगर जिल्ह्यातील गावागावांत बंद पडलेली नळपाणी योजना याच रोगाने मेलेली आहे. टाकी उभी आहे, जलवाहिनी पुरलेली आहे, आणि पंपाचे वीजबिल थकले आहे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. तारापोरवाला मत्स्यालय सार्वजनिक मालकीतच आणि गरिबाच्या मुलाला परवडणाऱ्या तिकिटात पुन्हा उभे राहावे. नगर जिल्ह्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थेच्या आवारात मुलांसाठी एक सागरी दालन असावे, आणि जिल्हा नियोजन समितीने इमारतीआधी त्याच्या दहा वर्षांच्या मासिक खर्चाची तरतूद करावी. त्यात मासे पैदाशीचेच असावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास साध्य केलेली आहे. आणि घरोघरी पाण्याला मीटर बसवून गरजेपुरते पाणी स्वस्त व त्यापुढचे महाग करावे, म्हणजे हौशी माणूस आपल्या हौसेची पूर्ण किंमत देईल.

कोणत्याही योजनेचे उद्‌घाटन झाले की आपल्या कार्यकर्त्याने एकच प्रश्न विचारावा: पुढच्या महिन्याचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून येणार? हा प्रश्न रुक्ष आहे, त्याला टाळ्या पडत नाहीत. परंतु जे राज्य त्याचे उत्तर देऊ शकत नाही, त्याच्या राज्यात समुद्र पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यातच राहील.